लेसर वारेवर चालतो, बाळांवर नाही

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. मी ३१ वर्षांची आहे, धायरीला राहते, नोकरी हिंजवडीत. लग्नानंतर सहाव्या वर्षी दिवस राहिले आणि जुळं निघालं. वार (प्लासेंटा) एक, पिशव्या दोन, हे बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच सांगितलं होतं. सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासणीला बोलावत होते. काल १९ आठवडे ४ दिवस झाले. कालच्या सोनोग्राफीत एका बाळाभोवतीचं पाणी ९.६ सेंटिमीटर भरलं आणि दुसऱ्याभोवतीचं १.२. त्या दुसऱ्या बाळाची लघवीची पिशवी बराच वेळ थांबूनही दिसलीच नाही. रिपोर्टवर ‘टीटीटीएस, स्टेज दोन’ असं लिहिलंय, म्हणजे ट्विन-टू-ट्विन ट्रान्सफ्यूजन सिंड्रोम, एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडं जाण्याचा आजार. दोन दिवसांत दुर्बिणीतून लेसर करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले.

सासूबाई म्हणतात, पोटात दुर्बीण घातली तर बाळांना धक्का लागेल, आधी चार ठिकाणी विचारू. माझी आई कराडला असते. तिचं म्हणणं, नुसतं पाणी काढून घेतलं की भागतं, तिच्या मैत्रिणीच्या सुनेचं तसंच केलं होतं. मिस्टर रात्रभर मोबाइलवर वाचत बसलेत. मला विचारायचंय ते असं : आठ-दहा दिवस थांबलं तर चालेल का? एका बाळाला वाचवायला दुसऱ्याला धोक्यात घालतोय, असं तर होणार नाही ना? आणि मला जागेपणी हे सहन होईल का? मला साधं रक्त काढतानाही चक्कर येते. (नाव राखून ठेवले आहे)

उत्तर : संपादकांनी हे पत्र त्याच संध्याकाळी माझ्याकडे पाठवलं, फार बरं केलं. हे दुखणं पुढच्या अंकाची वाट बघत नाही. मी लगेच फोन केला, आमचं सविस्तर बोलणं झालं, आणि त्यांच्या परवानगीनं ते इथं देते आहे. पुढं काय झालं ते मात्र छापायचं नाही, अशी त्यांची अट आहे. मला ती पटली. एकीचा निकाल वाचून दुसरी आपल्या पोटाचा अंदाज बांधते, आणि या आजारात तो अंदाज हमखास फसतो.

सासूबाईंच्या धक्क्यापासूनच सुरुवात करू. जुळी एकसारखी दिसणार की वेगळी, हा प्रश्न बारशाला येणाऱ्यांचा. आम्हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, वार किती? वार एकच असेल तर तिच्या पृष्ठभागावर दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देणं-घेणं बरोबरीचं राहतं आणि कुणाला पत्ताही लागत नाही. एक वार असलेल्या साधारण १० ते १५ टक्के जुळ्यांत मात्र हा हिशेब एकतर्फी होतो. एका बाळाच्या रोहिणीतून वारेत आलेलं रक्त दुसऱ्याच्या नीलेत उतरतं आणि तेवढं परत येत नाही.

आता तुमचे आकडे वाचा. देणाऱ्या बाळाकडं रक्त कमी पडलं की त्याची मूत्रपिंडं हात आखडतात. या महिन्यांत गर्भजल म्हणजे बहुतांशी बाळाची लघवीच असते. लघवी नाही, म्हणून तिची पिशवी रिकामी आणि भोवतीचं पाणी १.२ वर आलं. दोनच्या खाली गेलं की आम्ही ते कमी धरतो. पाणी आटलं की पडदा बाळाला लपेटून बसतो आणि बाळ गर्भाशयाच्या भिंतीशी खिळल्यासारखं दिसतं. घेणाऱ्याचं तरी बरं चाललंय असं वाटेल, पण तेही खरं नाही. जादा रक्त ढकलताना त्याच्या हृदयावर ताण येतो, ते एकसारखी लघवी करत राहतं, म्हणून तिथं ९.६. विसाव्या आठवड्याच्या आत ८ च्या वर गेलं की ते फार झालं. तुम्हाला गेले काही दिवस जिना चढताना लागणारी धाप आणि पोटाला आलेली तड यातलीच.

आमच्या सोसायटीत एका टाकीवर दोन विंगा आहेत. व्हॉल्व्ह बिघडला की ए विंगेत ठणठणाट आणि बी विंगेच्या गच्चीवरून धबधबा. प्लंबर येतो तो सरळ टाकीपाशी जातो, कुणाच्या घरातले नळ बदलत बसत नाही. लेसरचंही काम टाकीपाशी, म्हणजे वारेवर. बाळांना तो शिवतसुद्धा नाही.

मी स्वतः लेसर करत नाही. ते गर्भवैद्यक तज्ज्ञांचं काम, आणि त्यांच्यातलेही सगळे ते करत नाहीत. पण माझी पेशंट असली की मी आत जाऊन उभी राहते, त्यामुळे काय होतं ते डोळ्यांनी पाहिलेलं सांगते. पोटाच्या कातडीला भुलीचं इंजेक्शन देतात, कधी कमरेतून भूल देतात. तुम्ही जाग्या असता. सोनोग्राफीत बघत बघत, तीन मिलिमीटरच्या आसपास जाडीची नळी जास्त पाणी असलेल्या पिशवीत सरकवतात, कारण हालचालीला जागा तिथंच असते. तिच्यातून दुर्बीण आत जाते आणि समोरच्या पडद्यावर वारेचा पृष्ठभाग दिसायला लागतो, वर रक्तवाहिन्यांचं जाळं.

आपल्या अंगात रोहिणीतलं रक्त लालभडक आणि नीलेतलं काळपट. इथं सगळं उलटं, कारण बाळाला प्राणवायू वारेतून मिळतो आणि तो नीलेतून त्याच्याकडं जातो. काळसर रेघ उजळ रेघेवरून ओलांडून गेलेली दिसली की ती काळसर रोहिणी. डॉक्टर तिचा माग काढत जातात. ती जिथं दुसऱ्या बाळाच्या नीलेला जाऊन मिळते तिथं लेसर लावला की वाहिनी बघता बघता पांढरी पडते. असे सगळे जोड मिटवले की बरेच जण वारेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत त्या ठिपक्यांमधून सलग रेघ ओढतात, नजरेतून सुटलेला केसाएवढा जोडही राहू नये म्हणून. या पद्धतीला सोलोमन म्हणतात. मध्येच एखादं बाळ दुर्बिणीपुढं हात आणतं. पाचही बोटं सुटी दिसतात. मग लेसरवरचा पाय बाजूला होतो आणि सगळे थांबतात. बाळाला कुणी ढकलत नाही, ते आपणहून हात काढेपर्यंत वाट बघायची. शेवटी त्याच नळीतून जादा पाणी काढून घेतात, लीटर-दीड लीटर सहज निघतं, आणि पोटाची तड तिथंच टेबलावर उतरते. एकूण काम तासाभराच्या आत-बाहेर. टाका पडला तर एखादा.

आता आई. त्यांचं म्हणणं एके काळी बरोबर होतं. लेसरचे पहिले अनुभव अमेरिकेत ज्युलियन डी लिया यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केले. त्यानंतरही कितीतरी वर्षं बहुतेक ठिकाणी सुईनं पाणी काढून घेणं हाच उपाय होता. मैत्रिणीच्या सुनेचं काय होतं ते मला माहीत नाही. कदाचित दोन वारा असतील आणि पाणी भलत्याच कारणानं वाढलं असेल. २००४ मध्ये युरोपातल्या १४२ गर्भवतींवर दोन्ही उपायांची समोरासमोर तुलना झाली. निदान एक बाळ जन्मानंतर २८ दिवस जगण्याचं प्रमाण लेसरच्या गटात ७६ टक्के आणि पाणी काढण्याच्या गटात ५६ टक्के निघालं. फरक इतका स्पष्ट होता की तो अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला गेला. पाणी काढल्यानं तुम्हाला श्वास घ्यायला बरं वाटेल, पण जोड तसेच राहतात आणि पाणी पुन्हा भरतं.

थांबण्याबद्दल. तुमच्या घरात तुलनाच चुकीची चालली आहे. एका पारड्यात लेसरचा धोका आणि दुसऱ्या पारड्यात सुखरूप गर्भारपण, असं सगळे धरून चाललेत. दुसऱ्या पारड्यात तसं काही नाही. या महिन्यांत बळावलेला हा आजार नुसता बघत बसलं तर दहापैकी आठ-नऊ बाळं जातात. पहिल्या स्टेजला काही वेळा दर आठवड्याला सोनोग्राफी करत थांबता येतं, अगदी तज्ज्ञसुद्धा थांबतात. तुमच्या बाळाची लघवीची पिशवी दिसेनाशी झाली, म्हणजे ती स्टेज मागं पडली. तिसऱ्या स्टेजला रक्तप्रवाहाचे आलेख बिघडतात, चौथ्या स्टेजला बाळाच्या अंगात पाणी होतं. या पायऱ्या एकेक करून, वेळ देऊन चढल्या जातात असंही नाही. सोमवारी दुसरी आणि शुक्रवारी चौथी, हे मी पाहिलं आहे. चार ठिकाणी विचारा, माझी ना नाही. पण चारही ठिकाणं उद्या दुपारपर्यंत उरका, आणि विचारायचं ते रोज एक वार असलेली जुळी बघणाऱ्यांना.

लेसरचा धोका मी लपवणार नाही. अनुभवी हातांत दोन्ही बाळं वाचतात ती दहापैकी सहा-सात वेळा. निदान एक वाचतं ते नऊच्या जवळपास. म्हणजे दहातल्या एखादीच्या पदरी काहीच पडत नाही, आणि ती एखादी तुम्ही असणार नाही असं मी काय, कुणीच सांगू शकणार नाही. पडद्याला भोक पडतं, त्यामुळे नंतरच्या आठवड्यांत पाणमोट लवकर फुटण्याची भीती राहते. दिवस भरण्याआधी बाळंतपण होणं हे तर जवळपास गृहीतच धरा. लेसरनंतरची बाळंतपणं सरासरी बत्तिसाव्या आठवड्याच्या आसपास होतात. क्वचित एखादा बारीक जोड राहून जातो आणि एक बाळ पांढरंफटक, दुसरं लालबुंद अशी नवी भानगड सुरू होते. म्हणून नंतरच्या प्रत्येक सोनोग्राफीत बाळांच्या मेंदूकडं जाणाऱ्या रक्ताचा वेग मोजतात.

तुमचा दुसरा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, आणि फोनवर तो विचारताना तुमचा आवाज बसला होता. एकाला वाचवायला दुसऱ्याला पणाला लावतोय का? नाही. उलट आत्ता, वार जोडलेली असताना, दोघांचे जीव एकमेकांत अडकलेले आहेत. अशा स्थितीत एक बाळ गेलं तर दुसऱ्याचं रक्त त्या गेलेल्या बाळाच्या अंगात ओसरतं. दुसरंही जाण्याची शक्यता सुमारे १५ टक्के, आणि जगलं तरी मेंदूला इजा होण्याची साधारण चौघांत एक. लेसरनं वारेचे दोन वाटे झाले की प्रत्येकाचं नशीब ज्याचं त्याला. देवानं करू नये, पण एकाला काही झालंच तर दुसऱ्याला त्याची झळ फारशी लागत नाही. आणि एखादं बाळ जाणारच असेल तर ते बहुधा लेसरनंतरच्या पहिल्या काही दिवसांत जातं. वारेचा फारच थोडा भाग त्याच्या वाट्याला आलेला असतो आणि तेवढ्यावर त्याचं निभत नाही. हे तुमच्या सहीमुळे होत नाही. वारेची वाटणी पहिल्या आठवड्यांतच होऊन गेलेली असते.

सहीवरून आठवलं. संमतीपत्रावर सही तुमची. शुद्धीत असलेल्या सज्ञान बाईच्या शस्त्रक्रियेला नवऱ्याची, सासूची परवानगी कायद्यानं लागत नाही. रुग्णालयं घरच्यांची सही घेतात, ती साक्षीला. मिस्टरांना शेजारी बसवा, सासूबाईंनाही आत बोलवा, डॉक्टरांना चित्र काढून समजावायला सांगा. बहुतेक डॉक्टर काढतात, आणि वारेचं चित्र पाहिल्यावर सासवांचा विरोध अर्ध्यावर येतो, हा माझा अनुभव. जाताना डॉक्टरांना विचारा की लेसर तुम्ही स्वतः करणार का, आजवर किती केलेत, आणि माझी वार पुढच्या बाजूला आहे की मागच्या? पुढच्या भिंतीवर असेल तर दुर्बीण घालायला जागा शोधावी लागते, थोडं अवघड जातं. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही. आणि रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनची आठवण करा. आधार कार्डाची झेरॉक्स बरोबर ठेवा, प्रत्येक सोनोग्राफीला गर्भलिंगनिदान बंदी कायद्याचा फॉर्म एफ भरावाच लागतो. बरोबरच्या कुणी ‘काय आहेत हो’ असं विचारायचं नाही. इतक्या धावपळीतही कुणीतरी विचारतंच.

जागेपणाची भीती. टोचल्याचं कळतं, नळी जाताना दाब जाणवतो, पाणी काढताना पोट आवळल्यासारखं होतं. एवढंच. तुम्हाला रक्त बघवत नाही ना, मग पडदा आपल्याकडं वळवू नका, असं आधीच सांगून ठेवा. बघायची सक्ती नाही. मिस्टरांनाही हवं तर बाहेर ठेवा. थिएटरमध्ये चक्कर येऊन पडणारे बहुतेक नवरेच असतात.

एक-दोन दिवसांत घरी सोडतात. पुढं काही आठवडे दर आठवड्याला सोनोग्राफी, मग पंधरवड्याला. घरी आल्यावर तुम्हाला पलंगाला जखडून ठेवतील. तसं राहू नका. सक्तीच्या झोपून राहण्यानं बाळंतपण पुढं जातं असं सिद्ध झालेलं नाही, पायात रक्ताच्या गाठी व्हायचा धोका मात्र वाढतो. घरातल्या घरात चाला, जड उचलू नका, हिंजवडीची वारी बंद. अंगावरून पाणी गेल्यासारखं वाटलं तर स्वच्छ पॅड लावून तासाभरानं बघा. ओला असेल तर फोन करत बसू नका, निघा. रक्त, ताप, ठरावीक अंतरानं येणाऱ्या कळा, किंवा पोट अचानक पुन्हा टम्म होणं, यालाही तोच नियम. धायरीहून संध्याकाळी सात वाजता सिंहगड रस्त्यानं दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो, ते एकदा मिस्टरांना गाडी काढून प्रत्यक्ष बघू द्या. नकाशावरच्या वेळेवर विसंबू नका.

कचेरीचं एक सांगते, कारण हे पुष्कळ जणींना माहीत नसतं. सामाजिक सुरक्षा संहितेच्या कलम ६५ खाली (पूर्वी हे प्रसूती लाभ कायद्याचं कलम १० होतं), गर्भारपणातून उद्भवलेल्या आजारासाठी किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणासाठी नेहमीच्या २६ आठवड्यांखेरीज एक महिन्यापर्यंतची पगारी रजा मिळते. डॉक्टरांचा दाखला जोडा आणि अर्जात कलमाचा आकडा घाला. आकडा घातला की एचआरवाले लवकर उत्तर देतात.

प्रश्न : माझ्या मुलीला जुळं आहे, वार एकच आहे, सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आमची पद्धत. आम्ही बारामतीजवळ खेड्यात राहतो. तिच्या पुण्यातल्या डॉक्टर पाठवायला नको म्हणतात. डोहाळजेवणाचं सगळं ठरलंय. (एक आई)

उत्तर : डोहाळजेवण करा, पण पुण्यात, तिच्या घरी, बसून आणि थोडक्यात. बाळंतपणाला माहेर म्हणजे आई, गाव नव्हे, तेव्हा तुम्हीच बॅग भरून इकडे या. एक वार असलेली जुळी सगळं सुरळीत असलं तरी छत्तिसाव्या आठवड्यापलीकडे सहसा ठेवत नाहीत. त्याआधी कळा आल्या तर दोन गोष्टी वेळेत व्हाव्या लागतात. बाळांच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइडची इंजेक्शनं, आणि जन्मल्यावर दोन्ही बाळांना नवजात अतिदक्षता विभागात खाटा. एक खाट मिळून चालत नाही, दोन लागतात, हे आत्ताच विचारून ठेवा. जन्मलेलं बाळ रुग्णवाहिकेतून हलवण्यापेक्षा आईच्या पोटात असताना हलवणं केव्हाही बरं. दूध लगेच आलं नाही म्हणून पावडरीच्या डब्याची घाई करू नका. ससूनमध्ये मानवी दुग्धपेढी आहे, तुमच्या रुग्णालयाला कुठून दूध मिळतं ते विचारा. आणि तिच्या सासरी राहायला तुम्हाला संकोच वाटत असेल, तर जावयांशी मी बोलते.

प्रश्न : मला बारावा आठवडा आहे, जुळं आहे. रिपोर्टवर ‘डायकोरिऑनिक’ लिहिलंय. मैत्रिणीला लेसर करावा लागला होता, तेव्हापासून झोप उडाली आहे. (वाचक, कोथरूड)

उत्तर : झोपा. डायकोरिऑनिक म्हणजे दोन वारा. दोन्ही बाळांचा रक्तपुरवठा स्वतंत्र असतो, त्यामुळे मैत्रिणीला झालं ते तुम्हाला होण्याचं कारण नाही. रक्तदाब, साखर, लवकर येणाऱ्या कळा, ही जुळ्यांची बाकीची काळजी तुम्हालाही आहेच, आणि तपासणी चुकवून चालणार नाही. वार किती, हे सगळ्यात खात्रीनं सांगता येतं ते अकरा ते चौदा आठवड्यांत. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथं भेटतो तिथं वारेची त्रिकोणी पाचर आत घुसलेली दिसली तर दोन वारा, पडदा काटकोनात नुसता टेकलेला दिसला तर एक. तुमच्या फाइलमध्ये त्या जागेचा फोटो आहे का बघा. नसेल तर याच आठवड्यात काढून घ्या. विसाव्या आठवड्यात दोन वारा एकमेकींना चिकटल्या की मग चांगल्या चांगल्यांना छातीठोक सांगता येत नाही.